हंगामाचा पहिला सामना ऊसतोडीच्या टोळ्या निघण्यापूर्वी घ्यावा की नंतर?

बालाघाटचा_गडी
नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात आमचे लहानसे गाव आहे आणि तिथल्या क्रिकेट संघाची जुळवाजुळव मी पाहतो. पाऊस उघडला, गायरानातला चिखल वाळला की आमचा हंगाम सुरू होतो आणि पहिला सामना शेजारच्या गावाशी ठरलेला असतो. त्याला बक्षीस नसते, प्रवेश फी नसते. पण दोन्ही गावांतली माणसे झाडून सगळी बघायला येतात.

अडचण तारखेची आहे. आमच्या संघातली निम्म्याहून अधिक मुले दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून (टोळी नेणाऱ्याकडून) उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली असते, त्यामुळे टोळी कोणत्या दिवशी निघणार हे त्यांच्या हातात नसते. सामना टोळ्या निघण्यापूर्वी घ्यावा तर मैदान ओले असते आणि सोयाबीन रानात उभे असते. दिवाळीनंतर घ्यावा तर सलामीचा गोलंदाज, यष्टिरक्षक आणि मधल्या फळीतले दोघे गावातच नसतात. गावात यावर दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो की पूर्ण संघ ज्या दिवशी हजर आहे तोच पहिल्या सामन्याचा दिवस. दुसरा म्हणतो की डिसेंबर-जानेवारीच्या स्पर्धा जे खेळणार आहेत त्यांनाच पहिल्या सामन्यापासून तयार करावे, जाणाऱ्यांना खेळवून संघाचा काय फायदा?

माझे मत पहिल्या बाजूचे आहे. पण ते केवळ माझ्या जिव्हाळ्यापोटी असू नये, म्हणून इथे विचारतो आहे. तुमच्या गावात हा सामना केव्हा होतो आणि संघ कसा निवडला जातो?

सोयाबीनवाला
मी लातूर जिल्ह्यातला. आमच्याकडे ऊसतोडीला जाणारे थोडे आहेत, पण सोयाबीन सगळ्यांकडे आहे. काढणीच्या दिवसांत मजूर मिळत नाहीत, कापलेल्या सोयाबीनची बनीम (गंजी) रानात लागलेली असते आणि मळणी यंत्राचा नंबर केव्हा येईल याचा नेम नसतो. अशा वेळी आभाळ भरून आले की क्षेत्ररक्षक चेंडूकडे न पाहता ढगांकडे पाहत उभे राहतात आणि पहिला थेंब पडताच अर्धा संघ ताडपत्री घेऊन धावतो. त्यात कोणाची चूक नाही, कारण वर्षाचे उत्पन्न उघड्यावर पडलेले असते. सप्टेंबर २०२५ मधल्या अतिवृष्टीत आमच्या भागातली उभी पिके पाण्यात गेलेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना मी हे वेगळे सांगायला नको. मला वाटते, रास घरात आल्यावरच सामना घ्यावा.

दुधना
सोयाबीनवाला यांच्याशी सहमत आहे, मात्र माझे कारण वेगळे आहे. संघ जिंकण्यासाठी बांधायचा असतो. स्पर्धेत उतरणाऱ्या अकरा जणांना एकमेकांची सवय व्हायला दोन-तीन सामने लागतात. दोन फलंदाजांमध्ये धावेसाठी हाक कोणी द्यायची, उंच उडालेला झेल कोणी घ्यायचा, हे एकत्र खेळल्याशिवाय कळत नाही. जो खेळाडू पुढचे पाच महिने गावात नाही, त्याच्याभोवती पहिल्या सामन्याची आखणी करणे म्हणजे राहणाऱ्यांची एक संधी वाया घालवणे होय. हे कठोर वाटेल, पण संघाच्या हिताचे आहे.

जुना_यष्टिरक्षक
तारखेचा वाद चालू द्या. पण तारीख माणसांच्या आधी जमीन ठरवते, हे कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो.

आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना भेगाळते. पावसाळा संपल्यावर वरचा थर सुकलेला दिसतो, त्यावर चालताना पाय रुतत नाही, म्हणून लोक खेळपट्टी तयार झाली असे धरून चालतात. खाली बोटभर खणून पाहिले तर माती अजून लोण्यासारखी असते. अशा पट्टीवर टेनिस चेंडू उसळत नाही, टप्पा पडल्यावर बसतो आणि गोलंदाजाची टाच जिथे पडते तिथे दोन षटकांत खड्डा होतो. त्याच खड्ड्यात पाय मुरगळून आमचा एक चांगला गोलंदाज पूर्ण हंगाम घरी बसलेला मी पाहिला आहे.

उपाय खर्चाचा नाही, मेहनतीचा आहे. पट्टी २२ यार्ड म्हणजे २०.१२ मीटर लांब आणि १० फूट रुंद आखून घ्यावी. वरचे गवत मुळासकट काढावे, वीतभर माती उकरून बाजूला करावी आणि तिथे बारीक चाळलेला मुरूम दोन थरांत भरावा. पहिला थर भरला की पाणी शिंपडून धुम्मस करावी (ठोकून घट्ट बसवावा), रात्रभर मुरू द्यावे आणि मग दुसरा थर टाकावा. सिमेंटच्या पाइपात काँक्रीट भरून केलेला रोलर बऱ्याच गावांत असतो. तो ओढायला सहा-सात माणसे लागतात. पाणी जास्त झाले तर रोलरला मुरूम चिकटून वर येतो, म्हणून हातात मूठभर घेऊन दाबून पाहावे: गोळा व्हावा, पण हाताला ओल लागू नये. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी शेवटचा रोलर फिरवावा आणि सकाळी फक्की मारण्यापूर्वी पट्टी झाडून घ्यावी, एवढे पुरे.

हे काम गणपती उठल्यानंतर, पावसाच्या उघडिपी पाहून केले तर दसऱ्यापर्यंत पट्टी तयार होते. बालाघाटचे भाऊ, तुमच्याकडे डोंगराचा मुरूम पायाशी आहे. ओल्या मैदानाची सबब निदान तुम्ही तरी सांगू नये.

रब्बी_हंगाम
काका, मुरमाच्या पट्टीवर चेंडू लवकर खराब होतो, त्याचे काय करावे?

जुना_यष्टिरक्षक
टेनिस चेंडूची लव मुरमावर लवकर झडते हे खरे आहे. त्यासाठी वरच्या थरात निम्मी पांढरी माती मिसळावी, म्हणजे पट्टीला थोडा गुळगुळीतपणा येतो. काळी माती मात्र मिसळू नये. ती सुकल्यावर ढलपे निघतात आणि चेंडू कुठेही वळतो.

तेरणाकाठ
धाराशिव जिल्ह्यातून लिहितो आहे. तारीख ठरवताना नवरात्राचा विचार करावा. घटस्थापनेच्या आधी गावोगावची मुले तुळजापूरहून ज्योत घेऊन धावत येतात आणि त्यातले बरेच जण नऊ दिवस अनवाणी राहण्याचे व्रत पाळतात. आमच्याकडे एका वर्षी नवरात्रातच सामना ठेवला गेला आणि निम्मा संघ अनवाणी उतरला. मैदानाच्या कडेला गेल्या वर्षीच्या तुरीची धसकटे राहिली होती. सीमारेषेवर झेल घेण्यासाठी धावलेल्या मुलाच्या तळपायात धसकट आरपार शिरले. झेल त्याने सोडला नाही, पण त्याला तालुक्याला नेऊन टाके घालावे लागले. तेव्हापासून दसऱ्याच्या आधी सामना घ्यायचा नाही आणि मैदानाच्या बाहेरही वीस पावलांपर्यंतची धसकटे वेचायची, हे आमच्या गावाने ठरवून टाकले आहे.

कयाधू
हिंगोलीहून नमस्कार. मला तिसरीच बाजू मांडायची आहे. जाणारे आणि राहणारे या वादात शाळकरी मुलांकडे कोणाचेच लक्ष जात नाही. ती वर्षभर सीमारेषेपलीकडे बसून चेंडू आणून देतात. पहिल्या सामन्यात कोणाची कारकीर्द पणाला लागलेली नसते, म्हणून त्यांना संधी देण्याची हीच वेळ आहे. बीडचा सचिन धस २०२४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध खेळायला आला तेव्हा २४५ धावांचा पाठलाग करताना भारताचे चार गडी ३२ धावांत बाद झाले होते. त्याने ९५ चेंडूंत ९६ धावा केल्या आणि कर्णधाराबरोबर १७१ धावांची भागीदारी रचली. जालन्याच्या विजय झोलने २०११ मध्ये महाराष्ट्राच्या १९ वर्षांखालील संघाकडून आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा काढल्या होत्या. आपल्या भागातल्या मुलांत दम नाही असे म्हणायला जागाच उरलेली नाही. त्यांना उभे राहायला जागा द्यावी लागेल.

दुधना
कयाधू, या दोघांचा मलाही अभिमान आहे. विजय झोल तर आमच्या जिल्ह्याचा. परंतु ही उदाहरणे लहानपणापासून लेदर चेंडूवर नियमित सराव करून घडलेल्या खेळाडूंची आहेत. गायरानातल्या दहा षटकांच्या एका सामन्यात नवव्या क्रमांकावर पाठवलेल्या मुलाला दोन चेंडू मिळाले म्हणून त्याच्यात फरक पडत नाही. मुलांना खेळवायचे असेल तर त्यांचा स्वतंत्र सामना सकाळी घ्यावा आणि त्यांना पूर्ण दहा षटके खेळू द्यावीत.

कयाधू
दोन चेंडू मिळाल्याने फरक पडत नाही हे मान्य. मात्र मोठ्यांच्या सामन्यात, सगळे गाव बघत असताना ते दोन चेंडू खेळल्याने फरक पडतो, असा माझा अनुभव आहे. आमचा आजचा कर्णधार असाच एका पहिल्या सामन्यात कोणीतरी आले नाही म्हणून उतरला होता.

सिंदफणा
मी या धाग्यावर बराच वेळ नुसती वाचत होते. माझे दोन्ही भाऊ संघात आहेत आणि दोघेही आपापल्या बायकोसह जोडीने ऊसतोडीला जातात, म्हणून घराच्या बाजूने लिहिते.

टोळी निघण्याच्या आधीचे चार दिवस कसे असतात हे ज्यांच्या घरातून कोणी जात नाही त्यांना ठाऊक नसते. दळण करून ठेवायचे असते. भांडी, अंथरूण-पांघरूण, कोपीसाठी (तिथल्या झोपडीसाठी) लागणारी ताडपत्री बांधायची असते. शाळेत जाणारी लेकरे आजीकडे ठेवायची तर त्यांची वह्या-पुस्तके, औषधे, रेशनचे कार्ड सासूच्या हाती द्यायचे असते. बैल जाणार असतील तर टायरगाडीची चाके पाहून घ्यायची असतात. यातले निम्मे काम पुरुषांचे असते. एका वर्षी सामना निघण्याच्या आदल्या दिवशी ठेवला होता. भाऊ संध्याकाळी जिंकून आले आणि माझ्या वहिनीने रात्रभर एकटीने गाठोडी बांधली. पहाटे ट्रक आला तेव्हा ती उभ्या उभ्या डुलक्या घेत होती आणि उसाच्या फडात पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी तिला कोयता हातात घ्यावाच लागला.

सामना होऊ नये असे माझे म्हणणे मुळीच नाही. आम्ही बायकाही तो बघायला जातो आणि माझी वहिनी तर कोण कसा बाद झाला हे पुढे महिनाभर सांगते. टोळ्या निघण्यापूर्वी जरूर घ्या, पण आदल्या दिवशी घेऊ नका आणि दिवसभर लांबवू नका. सकाळी सुरू करून जेवणाच्या वेळेपर्यंत संपवा.

बालाघाटचा_गडी
सिंदफणाताई, तुम्ही लिहिलेले मी काल रात्री संघातल्या सगळ्यांना वाचून दाखवले. सामना सकाळीच होईल आणि निघण्याच्या दिवसापासून किमान चार दिवस दूर असेल, हे तिथल्या तिथे ठरले. जुना यष्टिरक्षक काकांचे बोलणेही मनावर घेतले आहे. मुरमाच्या दोन ट्रॉल्या येऊन पडल्या आहेत.

आता प्रश्न एवढाच उरतो की जागा अकरा, आणि जाणारे, राहणारे व शाळकरी मिळून खेळण्याजोगे पंधरा जण. चौघांना कोणत्या तोंडाने बसवायचे?

परभणीचे_पंच
बालाघाटचे भाऊ, कोणालाही बसवू नका. मी टेनिस चेंडूच्या स्पर्धांमध्ये पंच म्हणून उभा राहतो आणि नियमांचे पुस्तक माझ्या पिशवीत कायम असते. एमसीसीच्या (क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या मेरिलबोन क्रिकेट क्लबच्या) क्रिकेट नियमांतला अगदी पहिलाच नियम खेळाडूंच्या संख्येविषयी आहे. संघ अकरा जणांचा असतो हे त्यात आहेच. परंतु त्याला लागूनच असेही म्हटले आहे की दोन्ही बाजूंच्या संमतीने अकरापेक्षा कमी किंवा अधिक खेळाडूंचा सामना खेळता येतो, मात्र एका वेळी मैदानावर क्षेत्ररक्षण करणारे अकराहून अधिक असता कामा नयेत. म्हणजे पंधरा विरुद्ध पंधरा हा पूर्णपणे नियमात बसणारा सामना आहे.

यातून तीन गोष्टी निघतात आणि त्या आधीच ठरल्या नाहीत तर भांडण ठरलेले असते. दोन्ही कर्णधारांनी नाणेफेकीपूर्वी आपापल्या पंधरा जणांची नावे लिहून पंचांकडे द्यावीत. त्यानंतर समोरच्या कर्णधाराच्या संमतीशिवाय नाव बदलता येत नाही. पंधरा फलंदाज असल्यामुळे डाव दहाव्या गड्यावर संपत नाही, चौदा गडी बाद झाल्यावर संपतो. क्षेत्ररक्षणातून आत-बाहेर जाणाऱ्यांनी षटक संपल्यावर आणि पंचांना सांगूनच जावे, नाहीतर बारावा माणूस मैदानात आहे म्हणून ऐन वेळी गोंधळ होतो.

माझी एक सूचना नियमातली नाही, अनुभवातली आहे. दहा षटकांचा सामना असेल तर एका गोलंदाजाला एकच षटक द्यावे. दहा जण गोलंदाजी करतील, उरलेल्या पाचांना फलंदाजीत वर पाठवता येईल आणि पंधराच्या पंधरा जणांच्या हाती काहीतरी लागेल.

रब्बी_हंगाम
पंचसाहेब, अकरांचाच संघ ठेवून बाकीच्या चौघांना बदली खेळाडू म्हणून क्षेत्ररक्षणाला आणले तर चालणार नाही का? आमच्याकडे तसेच करतात.

परभणीचे_पंच
बदली खेळाडूला नियमानुसार फलंदाजी आणि गोलंदाजी करता येत नाही, यष्टिरक्षणही पंचांच्या परवानगीनेच करता येते. ज्याला आपण खेळवले असे म्हणायचे आणि प्रत्यक्षात फक्त ऊन खायला उभे करायचे, त्यापेक्षा सरळ पंधरांचा संघ बरा.

कोयता_आणि_बॅट
मी ज्यांच्याविषयी तुम्ही सगळे बोलता आहात त्यांच्यापैकी एक आहे. पाटोदा तालुक्यातला आहे. लग्नानंतर दरवर्षी साखर कारखान्यावर ऊसतोडीला जात होतो; आता गुडघ्यामुळे जात नाही.

दुधना साहेबांचे म्हणणे वाचून राग येईल असे मला वाटले होते, पण आला नाही. संघ जिंकण्यासाठी असतो हे आम्हालाही कळते. मला खटकते ते दुसरेच. जाणाऱ्यांना एक सामना खेळवून निरोप द्यावा, असा सूर या धाग्यावर काही ठिकाणी लागला आहे. निरोप म्हणून आम्हाला खेळवू नका. आमच्यातला जो चांगली गोलंदाजी करतो त्याच्या हाती पहिले षटक द्या, कारण तो चांगली गोलंदाजी करतो. जो करत नाही त्याला शेवटी आणा. वर्षभर आमच्याकडे ‘जाणारे’ म्हणून पाहिले जाते. मैदानावर तरी आम्हाला गोलंदाज आणि फलंदाज म्हणून पाहावे.

फडात खेळायला मिळते का, असे मला गावातली मुले नेहमी विचारायची. पहाटे अंधारात तोडणी सुरू होते, मोळ्या बांधून होतात, मग गाडी भरायची असते आणि ती केव्हा येईल ते ठरलेले नसते. रात्री दोनलाही येते. एक दिवस अंग टाकले तर खाडा धरला जातो आणि हिशेबात पैसे कापले जातात. कारखान्यात बिघाड होऊन तोड थांबली तरच दुपार मोकळी मिळते. तेव्हा तुटलेल्या फडात पाचट बाजूला सारून आम्ही पट्टी करायचो, उसाची तीन टिपरी रोवायचो आणि शेजारच्या कोप्यांतली, वेगवेगळ्या तालुक्यांतली मुले जमवून खेळायचो. तिथे उत्तम खेळाडू भेटतात. मी पाहिलेला सर्वात वेगवान गोलंदाज वडवणी तालुक्यातला होता आणि तो त्याच्या गावाच्या संघातून एकदाही खेळलेला नव्हता, कारण त्यांच्या गावात पहिला सामना दिवाळीनंतर होत असे आणि तो परत येई तेव्हा उन्हाळ्यामुळे सगळे बंद झालेले असे.

म्हणून माझे मत: पहिला सामना टोळ्या निघण्यापूर्वीच घ्या. आणि पट्टा पडून (तोडीचा हंगाम संपून) माणसे परत आली की निदान एक सामना गुढीपाडव्यानंतर सकाळच्या वेळेत घ्या. हंगाम तुमच्या सोयीने सुरू होऊन तुमच्याच सोयीने संपत असेल, तर जाणाऱ्याला संघ आपला कसा वाटेल?

दुधना
कोयता आणि बॅट, तुमचे शेवटचे दोन परिच्छेद मी पुन्हा पुन्हा वाचले. स्पर्धेच्या संघाबद्दल माझे मत कायम आहे. मात्र पहिला सामना हा स्पर्धेचा भाग नाही, तो गावाचा सामना आहे, आणि मी आतापर्यंत दोन्हींना एकच माप लावत होतो. वडवणीच्या त्या गोलंदाजाचे काय झाले हे कळले असते तर बरे वाटले असते.

कोयता_आणि_बॅट
अजून जातो. आता मुकादमाच्या हाताखाली हिशेब लिहितो.

मन्याड
नांदेडकडून एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. सकाळी लवकर सामना ठेवणार असाल तर दहिवराचा विचार करा. ऑक्टोबरात पाऊस उघडला की पहाटे गवत ओलेचिंब असते. टेनिस चेंडूची लव पाणी शोषते, चेंडू जड होतो, बोटांतून निसटतो आणि टप्पा पडल्यावर घसरत येतो. त्यामुळे सकाळी पहिली गोलंदाजी करणाऱ्या संघाचे नुकसान होते आणि नाणेफेकीलाच सामना अर्धा ठरतो. ओला चेंडू पंचांच्या समोर फडक्याने पुसायला नियमात परवानगी आहे, तेव्हा सुती टॉवेल जवळ ठेवावा. शक्य असल्यास आदल्या दिवशी मैदानातले गवत कापून घ्यावे आणि नऊच्या आधी सुरू करू नये. चेंडूही दोन्ही डावांना नवा आणि एकाच डब्यातला असावा.

बालाघाटचा_गडी
सामना काल झाला. सविस्तर लिहितो.

दसरा होऊन गेल्यानंतरचा रविवार धरला. आमची पहिली टोळी शुक्रवारी निघणार आहे. शेजारच्या गावाला पंधरांची कल्पना सांगितली तेव्हा त्यांचा कर्णधार लगेच तयार झाला. त्यांच्याही संघातली बरीच मुले त्याच आठवड्यात जात आहेत. ज्यांचे सोयाबीन मळायचे राहिले होते त्या दोघांची बनीम आदल्या दिवशी सगळ्यांनी मिळून झाकून दिली. त्यामुळे ढगांकडे कोणी पाहिले नाही, आणि सुदैवाने ढगही आले नाहीत.

मुरमाची पट्टी उत्तम झाली. साडेनऊला नाणेफेक झाली, ती आम्ही हरलो आणि त्यांनी फलंदाजी घेतली. मन्याड यांचे म्हणणे पहिल्याच षटकात खरे ठरले. पहिले षटक कोणाच्या मर्जीखातर न देता सर्वात चांगल्या गोलंदाजाला दिले आणि तो जाणाऱ्यांपैकीच होता.  नेहमीच्या वेगाने त्याने पहिला चेंडू टाकला आणि तो ओल्या गवतावरून घसरत थेट यष्टिरक्षकाच्या घोट्यावर आदळला. मग त्याने वेग कमी केला, टॉवेल मागवला, प्रत्येक चेंडू पंचांसमोर पुसून टाकला आणि त्या षटकात फक्त चार धावा दिल्या. ऊन वर आल्यावर त्यांच्या फलंदाजांनी हात मोकळे केले व दहा षटकांत ८२ धावा झाल्या.

आमच्या डावात सुरुवातीपासून गडी पडत गेले. दहावा गडी बाद झाला तेव्हा आमच्या ६१ धावा होत्या आणि आठव्या षटकाचे तीन चेंडू बाकी होते. त्यांचे खेळाडू हात मिळवायला धावले, धावफलक लिहिणाऱ्याने वही मिटली आणि बघायला आलेली माणसे उठून चालू लागली. पंचांनी हात वर करून सगळ्यांना थांबवले आणि अजून चार गडी बाकी आहेत हे ध्वनिक्षेपकावरून सांगायला लावले. इयत्ता नववीत शिकणारा मुलगा तेव्हा मैदानात उतरला. समोर आमचा यष्टिरक्षक होता, जो शुक्रवारी जाणार आहे. त्याने मुलाला काय सांगितले ते मला ऐकू आले नाही, पण पुढची जवळपास अडीच षटके त्यांनी एकेरी-दुहेरी धावा पळून काढल्या आणि एकाही चेंडूवर आंधळा फटका मारला नाही. शेवटच्या चेंडूवर सहा धावा हव्या होत्या. यष्टिरक्षकाने तो उचलला आणि सीमारेषेच्या आत त्यांच्या सर्वात उंच क्षेत्ररक्षकाने डोक्यावरून झेल घेतला. आमचा डाव ११ बाद ७७ वर थांबला आणि आम्ही पाच धावांनी हरलो.

साडेबाराला सगळे घरी होते, सिंदफणाताई.

सिंदफणा
वाचून फार आनंद झाला. पुढच्या वर्षी आमच्या गावातही असाच सामना ठेवा म्हणून मी भावांच्या मागे लागणार आहे. शाळकरी मुलींनाही त्या पंधरांत घ्यायला नियमाची आडकाठी नसावी, असे मला वाटते.

परभणीचे_पंच
ताई, काहीही आडकाठी नाही. दोन्ही कर्णधारांची संमती असली की पुरे.

बालाघाटचे भाऊ, अभिनंदन. दहाव्या गड्याला वही मिटली गेली यात नवल नाही, कारण छापील धावफलकात अकराच ओळी असतात. पुढच्या वेळी आदल्या दिवशी फूटपट्टी घेऊन वहीत पंधरा ओळी आखून ठेवा आणि डोक्यावर ‘डाव १४ गड्यांवर समाप्त’ असे लिहून दोन्ही कर्णधारांची सही घ्या. पाडव्यानंतरच्या परतीच्या सामन्याचीही बोलणी आताच करून ठेवावीत. मार्चअखेर पट्टीवर पुन्हा पाणी मारून रोलर फिरवावा लागेल, तेव्हा टँकर कोण आणणार हेही ठरवून घ्या.

बालाघाटचा_गडी
टँकर शेजारच्या गावाने कबूल केला आहे. रोलर आमचा.